झाडावरची शिकारी

ऐका मुलांनो, ही जपानातली फार जुनी गोष्ट आहे. यामातो प्रांतात किंपूसेन नावाचा पवित्र डोंगर आहे. तिथल्या मठाचे प्रमुख भिक्षू ऐंशी ओलांडून गेले होते, तरी चांगले खुटखुटीत होते. त्यांच्या गादीवर डोळा ठेवून बसलेला दुसरा भिक्षूही सत्तरीत पोचला होता. वाट पाहून पाहून त्याचा धीर सुटला. त्यानं रानातली विषारी अळंबी आणली, झकास शिजवली आणि वडीलधाऱ्या गुरूंना आग्रहानं जेवायला बसवलं. ते पोटभर जेवले. हा आपला टक लावून बघतोय, आता कळ येईल, आता ओकारी येईल. गुरू मात्र तोंड पुसून शांतपणे सांगू लागले, की ही विषारी अळंबी मी वर्षानुवर्षं खात आलोय, पण इतकी चविष्ट कुणी रांधली नव्हती. त्यांना ते विष बाधतच नव्हतं!

ही गोष्ट ‘कोनजाकू मोनोगातारी’ नावाच्या बाराव्या शतकातल्या संग्रहात आहे. त्यातली अळंबी म्हणजे आजची त्सुकियोताके असावी, असं जाणकार मानतात. ती बीचच्या मेलेल्या झाडांवर थरावर थर लावून उगवते. अंधारात तिच्या छत्रीखालच्या पातळ पात्या फिकट हिरव्या उजळतात. आपल्या भीमाशंकरच्या रानात पावसाळ्याच्या रात्री कुजक्या काटक्या उजळतात ना, ते कामही बुरशीचंच, पण ती जात वेगळी. त्सुकियोताके दिसायला इतकी सोज्वळ की आजही लोक तिला खायची धिंगरी किंवा शिताके समजून घरी आणतात. जेवण झालं की तास-दोन तासांत उलट्या सुरू. गोष्टीतल्या गुरूंसारखं पोट सगळ्यांना मिळत नाही.

आता म्हणाल, मग खायची कोणती हे लोक ठरवत कसे? आडाखे पुष्कळ आहेत. किड्यांनी खाल्लेली असली तर चालते, चांदीचा चमचा काळा पडला नाही तर चालते, जपानात तर म्हणत वांग्याबरोबर शिजवली की विष उतरतं. मुलांनो, यातलं एकही खरं नाही. किड्याचं पोट वेगळं आणि तुमचं वेगळं. सगळ्यांत घातक आडाखा म्हणजे जमिनीवरची विषारी, झाडावरची निर्धास्त. कुजक्या ओंडक्यांवर गॅलेरिना नावाची एक छोटी तपकिरी अळंबी उगवते. थंड मुलखातल्या रानांत ती सर्रास दिसते. तिच्यात जे विष असतं ते माणसाचं यकृत निकामी करतं. आणि ते लगेच कळतही नाही, सहा-बारा तास, कधी त्याहूनही उशिरा त्रास सुरू होतो. मधे थोडं बरं वाटतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि आत यकृत जात असतं.

‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खातात’ हा आधारही पुरत नाही. जपानात सुगी नावाच्या वृक्षाच्या जुन्या बुंध्यांवर एक पांढरीशुभ्र नाजूक अळंबी येते, सुगिहिराताके. आज्या ती सूपात घालत आल्या होत्या. 2004च्या शरद ऋतूत अकिता, यामागाता, निगाता या भागांत ती खाल्लेल्या लोकांना झटके येऊ लागले, मेंदूला सूज आली, 17 जण दगावले. त्यांतल्या पुष्कळांना मूत्रपिंडाचा जुना विकार होता. सरकारनं लोकांना सांगितलं, ही आता खाऊ नका.

म्हणून मी तुम्हाला एकाच अळंबीची नीट ओळख करून देतो. शंभरांची वरवरची ओळख काय कामाची? ही आपली धिंगरी. बाजारात पिशवीत मिळते तीच, पण मुळात ती रानातली, मेलेल्या किंवा मरणाऱ्या रुंदपानी झाडांवर वाढणारी. टोपी शिंपल्याच्या आकाराची, एकीवर एक चढलेली. देठ आखूड, टोपीच्या मधोमध नाही तर एका कडेला, कधी नाहीच. टोपीखालच्या पात्या देठावर थेट उतरत जातात. देठाला वलय नसतं. आता सुरीनं देठ उभा चिरून बघायचा. धिंगरी आतून पांढरी निघते, त्सुकियोताकेच्या देठात बहुतेक वेळा काळपट डाग दिसतो. बहुतेक वेळा म्हटलं मी, नेहमी नाही. तेव्हा एका खुणेवर कधीच विसंबू नका.

आणखी एक परीक्षा तुम्ही घरीही करू शकता. टोपी कापायची, पात्या खाली करून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवायची आणि वर वाटी पालथी घालायची. सकाळी वाटी उचलली की पात्यांची रेघन्‌रेघ कागदावर उमटलेली दिसते. ती बीजाणूंची भुकटी. धिंगरीची पांढरी किंवा किंचित जांभळट पडते, गॅलेरिनाची गंजासारखी तपकिरी. त्सुकियोताकेची मात्र पांढरीच, म्हणून ही परीक्षा एकटी पुरी पडत नाही. रानातली अळंबी तोडायची ती जाणत्या माणसाबरोबर जाऊन, त्यानं हातात घेऊन बघितल्यावरच.

तोडायचीही रीत आहे. कडा अजून आत वळलेल्या असताना बुडाशी सुरीनं कापावी. कडा पसरट होऊन फाटायला लागल्या की ती चिवट होते, तिला बीजाणू उडवायला तिथेच राहू द्यावं. टोपी हलकेच झटकावी, पात्यांत बारके भुंगेरे दडलेले असतात. रस्त्याकडेच्या किंवा कारखान्याजवळच्या झाडावरची घेऊ नये, कारण बुरशी शिसं आणि कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते. टोपलीत न्यावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजते. कच्ची कधी खाऊ नये. आणि शिजवण्याआधी एक अळंबी बाजूला ठेवावी. कुणाला त्रास झालाच तर डॉक्टरांना ती दाखवता येते.

पण धिंगरीची खरी कमाल झाडाच्या आत चालते. आपण तोडतो ते फळ. खरी धिंगरी म्हणजे लाकडात पसरलेले बारीक पांढरे तंतू. लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन फार थोड्या जिवांना पचतं, ते ही पचवते, आणि मागे पांढरं, दोऱ्यादोऱ्यांचं लाकूड उरतं. अडचण एकच, लाकडात नत्र अगदी थोडं. मग नत्र आणायचं कुठून? 1984मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या थॉर्न आणि बॅरन यांनी ते दाखवून दिलं. धिंगरी शिकार करते! लाकडात वळवळणारे सूत्रकृमी तिच्या तंतूंना भिडले की काही मिनिटांत लुळे पडतात. मग तंतू त्यांच्या अंगात शिरतात आणि त्यांना आतून पचवतात.

विष कोणतं, हे उमगायला आणखी चाळीसेक वर्षं लागली. 2023मध्ये तैवानच्या संशोधकांनी ते शोधून काढलं. तंतूंवर इवल्या काठ्या असतात, टोकाला गोल गोळी, हुबेहूब लॉलिपॉप. कृमीच्या धक्क्यानं ती गोळी फुटते आणि आतून 3-ऑक्टॅनोन नावाचं उडून जाणारं द्रव्य बाहेर पडतं. ते कृमीच्या पेशींची आवरणं भेदतं. चेता आणि स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम भरमसाट शिरतं, आणि कृमी तिथल्या तिथे गारद.

आत्ता छोटीनं विचारलं, धिंगरी कृमी खाते, मग श्रावणात आजी तिची भाजी करेल का? बाळ, त्या गोळ्या तंतूंवर असतात, आपण खातो त्या टोपीत नसतात. आणि बाजारातली धिंगरी रानातून येतही नाही. 1962मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी तिला भाताच्या पेंढ्यावर वाढवून दाखवलं. पेंढ्यातही लिग्निन असतंच, ते ती पचवते. पुढे ही पद्धत देशभर गेली. आज आपल्याकडच्या खोल्यांमधून पेंढ्यानं भरलेल्या पिशव्या टांगलेल्या दिसतात, त्यांना पाडलेल्या भोकांतून धिंगरीचे घोस बाहेर येतात. तिथेही तोडणी कडा वळलेल्या असतानाच करतात, कारण उशीर झाला की बीजाणूंची धूळ खोलीभर उडते आणि काम करणाऱ्यांना खोकला लागतो.