शाळा चर्चची, शिक्षक प्रापंचिक

शिकागोतल्या क्विगली नॉर्थ आणि क्विगली साउथ या शाळा मुळात पाद्री होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी काढलेल्या. शिकवणारे मात्र बरेच जण प्रापंचिक होते; ना पाद्री, ना नन. शेजारच्या इंडियानातल्या पाच कॅथलिक हायस्कुलांतही तसंच. 1970 च्या दशकाच्या मध्यावर या शिक्षकांनी मतदान करून युनियन निवडली. व्यवस्थापनांनी वाटाघाटीला साफ नकार दिला. केंद्रीय कामगार मंडळाने ‘बसा आणि बोला’ असा हुकूम काढला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

त्याआधी मंडळापुढे झालेली चौकशी वाचण्यासारखी आहे. कॅथलिक हायस्कुलात किती उपासना बंधनकारक असतात, असं चौकशी अधिकाऱ्याने क्विगली नॉर्थच्या रेक्टरना विचारलं. मुळात उपासना कशाला म्हणायचं इथूनच अडचण, असा रेक्टरांचा सूर. सुप्रीम कोर्टाने ही प्रश्नोत्तरं निकालपत्राला परिशिष्ट म्हणून जोडली. सरकारी माणूस धर्मात शिरला की काय होतं, त्याचा नमुनाच!

21 मार्च 1979 रोजी निकाल लागला, पाच विरुद्ध चार. सरन्यायाधीश बर्गर म्हणाले, चर्चच्या शाळांतले शिक्षक 1935 च्या कामगार कायद्याखाली यावेत असं अमेरिकी काँग्रेसने स्पष्ट म्हटलेलं नाही. तेव्हा मंडळाला अधिकार नाही. धर्मस्वातंत्र्याचा मूळ प्रश्न त्यांनी अलगद टाळला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मत लिहिलं : कायद्याने कोणते मालक वगळले त्याची यादी आहे, तीत चर्चच्या शाळा नाहीत. मला ब्रेनन पटतात. कामगारांना संघटनेचा हक्क आहे हे पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्येच परिपत्रक काढून सांगितलं होतं, हेही जाता जाता.

पुढे 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या राज्य कामगार मंडळाला मात्र अपील कोर्टाने अशा शाळांत हात घालू दिला. म्हणजे शिक्षकाचा हक्क तो कोणत्या राज्यात शिकवतो यावर!

आपल्याकडे असंच प्रकरण गोव्यात घडलं. करंजाळेच्या, नन्स चालवत असलेल्या शाळेने 1975 मध्ये एका शिक्षिकेला कामावरून काढलं. 1988 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, पण त्यात अडसर धर्माचा नव्हता. शाळा हा ‘उद्योग’ खरा, पण शिक्षक ‘कामगार’ नाही, सबब तेव्हाचा औद्योगिक विवाद कायदा लागू नाही. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, सरकारी, सगळ्या शाळांच्या गुरुजींना एकच माप. महाराष्ट्रात निदान 1977 चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आहे, शाळा न्यायाधिकरण आहे. अल्पसंख्याक शाळांना त्यातून सूट आहे ती मुख्याध्यापक आणि फार तर आणखी तिघांच्या निवडीपुरती.

2004 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ग्रॅच्युइटीच्या कायद्यातूनही शिक्षक ‘कर्मचारी’च्या व्याख्येमुळेच बाहेर पडले. संसदेने 2009 मध्ये व्याख्या बदलून त्यांना आत घेतलं, तेही 1997 पासून. अमेरिकी काँग्रेसने 1979 नंतर आपल्या कायद्यात तसं एक वाक्यही घातलेलं नाही.