उजळणी विज्ञानाची, लेखांक 9 : तारापूरच्या भट्टीतले केंद्रक

भाईंदरहून पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघाले, की वसईची खाडी ओलांडून विरार, पालघर मागे पडते आणि बोईसर येते. बोईसरजवळच्या तारापूरला 1969 मध्ये भारतातले पहिले अणुऊर्जा केंद्र सुरू झाले. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तारापूर आणि मिरा-भाईंदरमधले मोरवा एकाच ठाणे जिल्ह्यात होते. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर ट्रॉम्बेला तर त्याआधीच, 4 ऑगस्ट 1956 रोजी, ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली होती. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ती पहिली अणुभट्टी. मोरव्यातल्या दहावीच्या विद्यार्थ्याला या विषयाची उदाहरणे फार लांब शोधावी लागत नाहीत ती अशी.

तरीही परीक्षेच्या तोंडावर हा भाग व्याख्या घोकूनच उरकला जातो. गुण मात्र व्याख्येत जात नाहीत. ते जातात समीकरणाच्या हिशेबात, अर्धायुकालाच्या उदाहरणात आणि अणुभट्टीचा कोणता भाग कशासाठी असतो, या प्रश्नात.

हिशेब आधी. केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या म्हणजे अणुअंक. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून अणुवस्तुमानांक. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना या दोन्ही बेरजा जुळल्याच पाहिजेत. अल्फा कण बाहेर पडला, की अणुवस्तुमानांक 4 ने आणि अणुअंक 2 ने घटतो. म्हणून युरेनियम-238 पासून थोरियम-234 तयार होते. बीटा कणाच्या वेळी मुले हमखास चुकतात. इलेक्ट्रॉन गेला म्हणजे अणुअंक एकने कमी झाला, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. त्यामुळे अणुअंक एकने वाढतो आणि अणुवस्तुमानांक तेवढाच राहतो. थोरियम-234 चे प्रोटॅक्टिनियम-234 होते ते याच वाटेने. गॅमा किरणांनी यातला एकही आकडा बदलत नाही.

अर्धायुकालात अडचण गणिताची नसते, समजुतीची असते. थायरॉइडच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या आयोडिन-131 चा अर्धायुकाल सुमारे 8 दिवस. आठ दिवसांत निम्मे उरते, म्हणून सोळा दिवसांत सगळे संपते, असे उत्तर अनेक जण लिहितात. सोळा दिवसांनी पाव भाग उरतो आणि चोवीस दिवसांनी आठवा भाग. प्रत्येक वेळी उरलेल्याचा निम्मा भाग जातो, मूळ मात्रेचा नव्हे.

आता तारापूर. युरेनियम-235 च्या केंद्रकाने एक न्यूट्रॉन शोषला, की ते दुभंगते. त्यातून बेरियम-141, क्रिप्टॉन-92 आणि तीन न्यूट्रॉन मिळू शकतात. 235 अधिक 1 म्हणजे 236. इकडे 141, 92 आणि 3 मिळूनही 236. अशा एका विखंडनातून सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. कोळशातला कार्बनचा एक अणू जळताना सुमारे 4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट देतो. दर अणूमागे पाच कोटी पटींचा हा फरक एकदा कळला, की अणुऊर्जेत इतके थोडे इंधन का लागते, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

बाहेर पडलेले तीन न्यूट्रॉन पुढची केंद्रके फोडतात, हीच शृंखला अभिक्रिया. इथे सर्वांत मोठा घोटाळा होतो. मॉडरेटर अभिक्रियेचा वेग कमी करतो, असे उत्तरपत्रिकेत सर्रास लिहिले जाते, आणि ते चूक आहे. मॉडरेटर न्यूट्रॉनचा वेग कमी करतो. संथ न्यूट्रॉनला युरेनियम-235 चे केंद्रक फोडण्याची संधी कितीतरी जास्त असते. म्हणजे मॉडरेटरमुळे अभिक्रिया चालू राहते. तिला आवर घालण्याचे काम बोरॉन किंवा कॅडमियमच्या नियंत्रक कांड्यांचे. त्या न्यूट्रॉन गिळून टाकतात.

तारापूरला हा धडा दोन रूपांत दिसतो. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत साधे पाणीच मॉडरेटर आहे. साधे पाणी न्यूट्रॉनना संथ करते खरे, पण काही न्यूट्रॉन स्वतःच शोषून घेते. ही तूट भरून काढायला इंधनात युरेनियम-235 चे प्रमाण वाढवलेले लागते. नैसर्गिक युरेनियममध्ये ते जेमतेम 0.7 टक्के असते. पुढे 2005-06 च्या सुमारास सुरू झालेल्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत जड पाणी वापरले आहे. ते न्यूट्रॉन फारच कमी शोषते, म्हणून तिथे नैसर्गिक युरेनियम चालते. प्रत्येकी 540 मेगावॅटच्या या दोन भट्ट्या भारतीय अभियंत्यांनी उभारल्या आहेत. ‘जड पाण्याचा उपयोग सांगा’ या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात मिळणार नाही.

ऊर्जारूपांतराचा क्रम सोपा आहे : केंद्रकीय ऊर्जा, उष्णता, वाफेची गतिज ऊर्जा, टर्बाइन, जनित्र, वीज. संमीलनाचाही गोंधळ नको. सूर्यात हायड्रोजनची हलकी केंद्रके एकत्र येऊन हेलियम बनते. तारापूरला जड केंद्रक फुटते.

किरणोत्साराच्या उपयोगासाठी नाशिक जिल्ह्यातले लासलगाव लक्षात ठेवावे. तिथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर कोबाल्ट-60 चे गॅमा किरण सोडतात. कांदा त्याने किरणोत्सारी होत नाही, कारण हे किरण त्याच्या केंद्रकांना धक्का लावत नाहीत. उलट ज्याची कुणी काळजी करत नाही, ते पोटॅशियम-40 मात्र केळ्यातही असते आणि आपल्या शरीरातही. सुमारे 70 किलो वजनाच्या माणसाच्या अंगात त्याची दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास केंद्रके क्षय पावतात. किरणोत्सार म्हटले की घाबरणाऱ्या घरच्यांना हे जरूर सांगावे.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक गणित वहीत सोडवून ठेवा. युरेनियम-235 ने एक न्यूट्रॉन शोषला आणि झेनॉन-140 व स्ट्रॉन्शियम-94 तयार झाले, तर किती न्यूट्रॉन बाहेर पडले? अणुअंक अनुक्रमे 92, 54 आणि 38 आहेत. दोन्ही बेरजा जुळवून दाखवा. नुसत्या उत्तराला पूर्ण गुण मिळत नाहीत.