उतरंड

घरातली मडक्यांची उतरंड आपण रचतो. पण खुराड्यातल्या कोंबड्यांची उतरंड कोण रचतं?

चार नव्या कोंबड्या एकत्र सोडा आणि बघा. पहिले काही दिवस त्या एकमेकींशी झुंजतात. मग भांडणं कमी होतात. दाणे टाकले की एक पुढे येते, बाकीच्या वाट देतात. दुसरी तिसरीला टोचते, तिसरी चौथीला. चौथी सगळ्यांचं सोसते. नॉर्वे देशातल्या शेल्डरुप-एब्बे नावाच्या माणसाने लहानपणापासून कोंबड्या निरखल्या आणि १९२१ साली हा टोचण्याचा क्रम जगापुढे मांडला.

मग पहिली कोंबडी जन्मतःच थोर असते का? अंगातल्या ताकदीचा वाटा असतोच. पण तेवढंच नाही. जिंकलेली धीट होते, म्हणून पुन्हा जिंकते. हरलेली बिचकते, म्हणून पुन्हा हरते. माशांवरचा एक प्रयोग २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मासे एकत्र सोडले, त्यांचा क्रम लागला. मग त्यांना काही दिवस वेगळं ठेवलं आणि पुन्हा एकत्र सोडलं. बहुतेक गटांत क्रम बदलला! म्हणजे पायरी कुणाच्या कपाळावर लिहिलेली नसते.

आता माणसांकडे येऊ. सोलापुरात हातमागाचा धंदा जुना. तिथले दोन विणकर समजा. दोघांचा हात सारखाच. एका वर्षी बाजार बसला. एकाच्या गाठीला थोडे पैसे होते, तो तगला. दुसऱ्याच्या घरी त्याच वर्षी आजारपण आलं. त्याने कर्ज काढलं, शेवटी माग विकला. तो माग पहिल्याने घेतला. पुढे पहिला कारखानदार झाला आणि दुसरा त्याच्याच मागावर मजुरीने लुगडी विणू लागला. फरक कसबाचा नव्हता, एका वर्षाचा होता.

कोंबडी मेली की तिची पायरी तिच्याबरोबर जाते. माणसाची पायरी मात्र मुलाला मिळते. एकाच्या मुलाला माग, दुसऱ्याच्या मुलाला कर्ज. जातीच्या उतरंडीत तर झुंजही होत नाही. तिथं पायरी जन्माआधीच ठरलेली!

पण कोंबड्यांना जमत नाही ते माणसाला जमतं. माणसं एकत्र येऊन नियम बदलू शकतात. १९०४ साली आपल्या देशात सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, तो याचसाठी की अडल्या वेळी गरिबाला सावकाराचं दार धरावं लागू नये.

तेव्हा खालच्या पायरीवरच्या माणसाला “तुझी लायकीच तेवढी” असं म्हणू नका. आधी विचारा : बाबा, सुरुवातीला तुझ्या हाती काय होतं?