यकृताला विष ओळखता येत नाही

यकृत म्हणजे शरीराचा पहारेकरी, विष ओळखून ते निकामी करणारा, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते अर्धेच खरे आहे. यकृतातल्या विकरांना विष ओळखताच येत नाही. तेलात मुरणारा पदार्थ पाण्यात विरघळेल असा करायचा, म्हणजे तो लघवीवाटे किंवा पित्तावाटे निघून जातो, एवढेच त्यांचे काम. यातले सर्वांत मोठे घराणे सायटोक्रोम पी-४५० चे. माणसात त्याची ५७ जनुके आहेत. कार्बन मोनॉक्साइड चिकटल्यावर ते ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते, म्हणून जपानी संशोधक ओमुरा आणि सातो यांनी १९६२ साली हे नाव दिले. ही विकरे बहुधा रेणूवर ऑक्सिजनचा अणू बसवतात आणि त्या खुंटीला दुसरी विकरे पाण्यात विरघळणारा तुकडा अडकवतात.

पॅरासिटामॉलचेच पाहा. नेहमीच्या मात्रेतला बहुतेक भाग असा तुकडा जोडला जाऊन निमूटपणे बाहेर पडतो. थोडा भाग मात्र पी-४५० च्या हाती लागतो आणि त्याचे नापक्वी नावाचे जहाल रसायन होते. गोळीत ते नव्हते, आपल्याच विकराने ते घडवले. पेशींतला ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू त्याला लगेच पकडतो. पण मात्रा बेसुमार झाली, तर ग्लुटाथायोनचा साठा आटतो आणि नापक्वी यकृताच्याच प्रथिनांना चिकटून पेशी मारते. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, तिथेही हेच. त्या दारूतल्या मिथेनॉलपासून आंधळेपण आणणारे फॉर्मिक आम्ल तयार करतात ती आपलीच विकरे. म्हणून तर फोमेपिझोल हे औषध त्या साखळीतल्या पहिल्या विकरालाच अडवते.

मग ही यंत्रणा सदोष म्हणायची का? मला तसे वाटत नाही. पॅरासिटामॉल एकोणिसाव्या शतकात प्रयोगशाळेत जन्मले. आपल्या पूर्वजांची ज्याच्याशी कधी गाठच पडली नाही, त्यासाठी खास विकर येणार कुठून? अनोळखी रसायनांशी झुंजायचे तर विकराचा साचा सैलच हवा, आणि सैल साच्यातून अधूनमधून विष निघणारच. यकृत 'साफ' करण्याचा दावा करणारे काढे ही गोष्ट बदलू शकत नाहीत. पॅरासिटामॉल जास्त पोटात गेले, तर पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो. त्यावर विसंबू नका, लगेच रुग्णालय गाठा: ग्लुटाथायोनचा साठा भरून काढणारे ॲसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत दिले, तर यकृत बहुधा वाचते.