कॅव्हेटमधला विध्यर्थ

नांदेड-लातूरकडे जमिनीचा वाद न्यायालयात जाण्याच्या बेतात असला, की वकील अनेकदा सांगतात, ‘कॅव्हेट टाकून ठेवा.’ आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय समोरच्याला मनाई हुकूम मिळू नये, यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेतलं कलम १४८-अ ही सोय देतं. १९७६च्या दुरुस्तीने ते आलं. कुणाला बेकायदा डांबलं असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पसची याचिका होते. ‘कॅव्हेट’ आणि ‘हेबियस’ (लॅटिन उच्चारात ‘कावेआत’ आणि ‘हाबेआस’) ही दोन्ही लॅटिन क्रियापदं व्याकरणातल्या एकाच ‘अर्था’ची आहेत. ‘कावेत’ म्हणजे तो सावध राहतो आणि ‘कावेआत’ म्हणजे त्याने सावध राहावं. ‘हाबेस’ म्हणजे तुझ्यापाशी आहे आणि ‘हाबेआस’ म्हणजे असावं. मधे एक ‘आ’ शिरला, की विधानाचं विधान राहत नाही. हाच लॅटिनचा सब्जंक्टिव्ह. जुन्या इंग्लिश हुकूमनाम्यात तर ‘हाबेआस’ गौण वाक्यात येतं: ‘आम्ही तुला आज्ञा करतो, की तू त्या माणसाला आमच्यापुढे हजर ठेवावंस.’ मराठीतही त्या जागी विध्यर्थच बसला, हे मुद्दाम पाहण्यासारखं आहे.

इंग्रजी पुस्तकांतून लॅटिन शिकणारा याच प्रकरणाशी अडतो. इंग्रजीत हा अर्थ जवळजवळ झिजून गेला आहे, त्यामुळे ‘सब्जंक्टिव्ह म्हणजे शंका किंवा कल्पना’ अशी एक व्याख्या पाठ करून पुढे जावं लागतं. शाळेत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याने हा वळसा घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. ‘वेनिउंत उत विदेआंत’ म्हणजे ‘पाहावं म्हणून ते येतात’. ‘उत’चं काम आपलं ‘म्हणून’ करतं. ‘पाऊस पडला असता, तर सोयाबीन हाती लागलं असतं’ या वाक्यात ‘असता-असतं’ दोन्हीकडे येतं, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल बोलताना लॅटिनही दोन्ही वाक्यांत भूतकाळी सब्जंक्टिव्हच ठेवतं. ‘तिमेओ ने वेनिआत’ म्हणजे ‘तो येईल अशी भीती वाटते’. यातला नकारार्थी ‘ने’ इंग्रजीतून आलेल्याला कोड्यात टाकतो. ‘भीती वाटते, तो न येवो!’ असं मनात म्हटलं की तो आपोआप जागेवर बसतो. लॅटिनचं एक रूप आपल्याकडच्या विध्यर्थाचं, संकेतार्थाचं आणि ‘-वो’कारान्त इच्छेचं काम करतं.

यावर रास्त आक्षेप असा, की एका भाषेचा साचा दुसरीवर लादणं धोक्याचं असतं. फादर थॉमस स्टीफन्सचं कोकणीचं व्याकरण १६४० साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. त्याची मांडणी लॅटिन व्याकरणाची होती, आणि आपल्या भाषांना परक्या मापाने मोजण्याची सवय पुढेही बराच काळ टिकली. उलट दिशेने तीच चूक करायची नाही. मराठीत ‘त्याने पाहावं’ म्हणताना कर्त्याला ‘ने’ प्रत्यय लागतो आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे चालत नाही. लॅटिनमध्ये कर्ता प्रथमेत राहतो, क्रियापद त्याच्याच मागे जातं. शिवाय ‘पाहावं म्हणून येतो’ आणि ‘पाहावं म्हणून आलो’ यांत आपलं ‘पाहावं’ बदलत नाही. लॅटिनमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं, की ‘विदेआम’चं ‘विदेरेम’ होतं. हे घोकावंच लागतं, त्याला मराठीचा आधार नाही.

खरी कसोटी पुढेच आहे. ‘इतका पाऊस झाला, की मांजरा धरण भरलं.’ धरण भरलं ही घडलेली गोष्ट. मराठी तिथे साधा स्वार्थ वापरते आणि लॅटिन सब्जंक्टिव्ह. ‘कोण आलं ते मला ठाऊक आहे’ यात तिळमात्र शंका नाही, तरी ‘आलं’ लॅटिनमध्ये सब्जंक्टिव्हच. शंकेची व्याख्या इथे कोसळते. म्हणून रूपाचा एकच अर्थ न शोधता वाक्याचा प्रकार आधी ओळखावा: हेतू, परिणाम, भीती, संकेत की अप्रत्यक्ष प्रश्न. सब्जंक्टिव्ह बहुतेकदा एवढंच सांगतो, की हे वाक्य दुसऱ्यावर टेकून उभं आहे.

पण प्रत्येक गौण वाक्यात तो येतो असंही नाही, आणि मला या प्रकरणातला सर्वात सुंदर भाग तिथेच दिसतो. कारण सांगणाऱ्या ‘क्वोद’च्या वाक्यात बोलणारा स्वतःच्या जबाबदारीवर कारण देत असेल, तर क्रियापद स्वार्थात राहतं, दुसऱ्याने दिलेलं कारण नुसतं पोचवत असेल, तर सब्जंक्टिव्हमध्ये जातं. ‘पाणी सुटलं नाही, म्हणून त्याने ऊस मोडला’ आणि ‘पाणी सुटलं नाही म्हणे, म्हणून त्याने ऊस मोडला’ यांतला फरक गावाकडच्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. लॅटिन हे ‘म्हणे’ क्रियापदाच्या प्रत्ययात घालतं.