शेजार सिंधचा
उल्हासनगरातल्या रोजच्या रीतीभाती, मराठी शेजाऱ्याच्या नजरेतून

उल्हासनगरात कुणाचे घर शोधायचे असेल तर आजही पत्ता मिळतो तो असा : बराक नंबर अमुक, सेक्शन तमुक, कॅम्प नंबर 4. बऱ्याचशा बराकी पडून त्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण पत्त्यातला बराकीचा आकडा गेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी कल्याणजवळच्या या माळावर लष्करी छावणी उभारली होती. दोन हजारांहून अधिक बराकींची ही छावणी युद्ध संपल्यावर ओस पडली. 1947 साली फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथे आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिचे नाव उल्हासनगर पडले. 1951 च्या जनगणनेत इथे 80 हजारांवर माणसे होती, 2011 च्या जनगणनेत 5 लाखांवर.

पिंपरी, चेंबूर, कोल्हापूरजवळचे गांधीनगर याही वसाहती अशाच वसल्या. पण एवढे मोठे सिंधी शहर महाराष्ट्रात दुसरे नाही. आम्ही अंबरनाथ-बदलापूरची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला गजानन मार्केटात जातो, फर्निचर तिथूनच आणतो, स्वस्तात कपडे हवे असले की जपानी बाजार गाठतो. आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्यांत मराठी आणि सिंधी माणसे शेजारी शेजारी काम करतात. कॅम्प 4 च्या मराठा सेक्शनमध्ये तर पिढ्यान् पिढ्यांचा शेजार आहे. तरीही सिंधी माणसाबद्दलची आपली माहिती बहुधा दुकानाच्या गल्ल्यापाशीच थांबते. त्याच्या उंबऱ्याच्या आत काय चालते आणि ते तसे का चालते, हे आपण फारसे विचारलेले नाही.

ते विचारण्याजोगे आहे. पंजाब आणि बंगाल यांचे फाळणीत दोन तुकडे झाले, त्यातला एकेक तरी भारतात राहिला. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूला इकडे ना स्वतःचे राज्य, ना सुट्टीत जायला मूळ गाव. त्यामुळे इतर समाज जे गावात, जत्रेत आणि सरकारदरबारी सांभाळतात ते सारे त्याने घरात सांभाळले. या घरांतल्या साध्या वाटणाऱ्या रीतींना म्हणूनच मोल आहे.

पाणी आणि पापड

सिंधी घरात पाऊल टाकले की ‘भलि करे आया’ असे स्वागत होते आणि पाठोपाठ पाण्याचा पेला व भाजलेला पापड समोर येतो. नवख्या मराठी माणसाला वाटते, जेवणाची वेळ नाही, मग पापड कशाला? पण सिंध हा कडक उन्हाचा, वाळूचा मुलूख. उन्हातून घामाघूम होऊन आलेल्या माणसाच्या पोटात पाण्याबरोबर थोडे मीठही जावे, असा यामागचा विचार जुनी माणसे सांगतात. पापड थेट आचेवर भाजलेला आणि मिरीचा झणका असलेला. जेवणाच्या शेवटीही तो हवाच. निर्वासित म्हणून आल्यावर पुरुष रेल्वेत आणि रस्त्यावर किडुकमिडुक विकत असताना कितीतरी घरांचा संसार बायकांनी पापड लाटून आणि लोणची घालून चालवला. पापड नको म्हणून ताटली परत सारू नये. एक तुकडा तरी मोडावा, घरच्यांना बरे वाटते.

बायका एकमेकींना ‘अदी’ म्हणतात, म्हणजे ताई. पुरुषांसाठी ‘अदा’. वडीलधाऱ्यांना आणि शिक्षकांना आदराने ‘दादा’, ‘दादी’ म्हटले जाते. शाळेतल्या तरुण बाईंनाही दादी म्हणतात हे ऐकून मराठी पालक पहिल्यांदा बुचकळ्यात पडतात, कारण हिंदीतली दादी आजी असते.

चुलीजवळ

आमच्या शेजारच्या काकू कोकी करताना पाहणे हा मोठा आनंद असतो. कणकेत बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, अनारदाणा, जिरे, मीठ आणि तुपाचे सढळ मोहन घालून त्या घट्ट गोळा मळतात. पाणी अगदी बेताचे. मग जाडसर चकती थापून ती तव्यावर दोन्ही बाजूंनी जराशी शेकतात आणि खाली उतरवतात. आपल्याला वाटते झाले. पण ती अर्धकच्ची चकती त्या पुन्हा पोळपाटावर घेतात, कडा दाबत सारखी लाटतात, सुरीने वर आडव्या-उभ्या खुणा करतात आणि परत तव्यावर टाकून मंद आचेवर तूप सोडत खरपूस करतात. दोनदा भाजल्यामुळे कोकी आतपर्यंत शिजते आणि दुसऱ्या दिवशीही चांगली राहते. प्रवासाला निघालेल्या सिंधी कुटुंबाच्या डब्यात कोकी असतेच. सोबत दही आणि पापड.

रविवारी सकाळी दाल-पकवान. कडक तळलेल्या पुरीसारखे पकवान, वर मऊ शिजवलेली चण्याची डाळ, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. दुपारी कढी-चांवर. आपली कढी ताकाची. सिंधी कढीत ताक नसते. बेसन तेलात खमंग भाजून त्यात पाणी आणि चिंचेचा कोळ घालतात आणि शेवग्याच्या शेंगा, गवार, भेंडी, बटाटा सोडून ती उकळत ठेवतात. पालक, चुका, चणाडाळ आणि हाताशी असतील त्या भाज्या एकत्र शिजवून घोटली की साई भाजी होते, तिच्यासोबत कांदा तांबूस परतून केलेला भुगा चांवर. कमळाचे देठ, म्हणजे ‘भीं’, सिंधच्या तळ्यांतून थेट उल्हासनगरच्या भाजीबाजारात आले आणि टिकले.

सर्वांत जवळची वाटते ती सेयल मानी. रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांचे तुकडे टोमॅटो, कोथिंबीर, लसूण यांच्या रश्श्यात मुरवायचे. आपल्या फोडणीच्या पोळीची ही रसदार बहीण. पोळीऐवजी पाव घातला की ती ‘सेयल डबल’ होते. अन्न टाकायचे नाही, हा संस्कार दोन्ही स्वयंपाकघरांत सारखाच आहे.

वर्षभराचे सण

आपला पाडवा झाला की बहुधा दुसऱ्याच दिवशी सिंधी नववर्ष, चेटीचंड, चैत्र शुद्ध द्वितीयेला. हा झूलेलालचा जन्मदिवस. कथा अशी सांगतात : ठट्ट्याचा राजा मिरखशाह याने हिंदूंवर धर्मांतराची सक्ती केली. लोकांनी सिंधू नदीच्या काठी चाळीस दिवस उपास करून वरुणदेवाला साकडे घातले आणि नसरपूरला एका बालकाच्या रूपाने देव अवतरला. झूलेलालच्या तसबिरीत पांढऱ्या दाढीचा वृद्ध पल्ला माशावर बसलेला असतो. हा मासा प्रवाहाविरुद्ध पोहत सिंधू नदीत वर चढतो. चेटीचंडला ‘बहराणो’ निघतो : ताटात कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची, फळे, सोबत पाण्याचा कलश. लयीत ‘छेज’ नाच करत मिरवणूक जाते आणि बहराण्याचे विसर्जन वाहत्या पाण्यात होते. सिंधू दूर राहिली, पण देव पाण्याचा असल्याने उल्हास नदीही चालली.

त्या चाळीस दिवसांच्या आठवणीत जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत ‘चालिहो’ पाळतात. कॅम्प 5 मधल्या चालिया मंदिरात या दिवसांत मोठी गर्दी असते. व्रत करणारे खाण्यापिण्याचे आणि वागण्याचे नियम पाळतात, शेवटी डोक्यावर मडकी घेऊन बायका मिरवणुकीने निघतात. श्रावणातल्या आपल्या उपासांच्याच सुमाराचे हे व्रत असल्यामुळे शेजारणींना एकमेकींचे नियम सहज कळतात.

थदड़ीचेही तसेच. आपण श्रावण शुद्ध सप्तमीला शीतला सप्तमी पाळतो, सिंधी घरात पंधरा दिवसांनी, गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी थदड़ी असते. आदल्या संध्याकाळी घरात नुसती धांदल. गोड लोलो, कोकी, बेसनाची कोकी, तळलेली कारली-भेंडी, दहीवडे असे सारे दुसऱ्या दिवसाला पुरेल एवढे करून ठेवायचे. रात्री शेगडी स्वच्छ पुसायची, तिच्यावर पाणी शिंपडून पूजा करायची आणि मग दुसरा पूर्ण दिवस चूल पेटवायची नाही. देवीरोगाच्या, गोवराच्या काळात मुलांच्या अंगाचा दाह शांत राहो म्हणून देवीला केलेली ही प्रार्थना. गॅसच्या शेगडीलाही एक दिवस विसावा देणाऱ्या या घरात त्या दिवशी शेजारी गेलात, तर गार लोलो हातावर पडल्याशिवाय सुटका नाही.

होळीच्या आधी मिठाईच्या दुकानांत घीयरचे ढीग लागतात. जिलबीच्या जातीचा, पण ताटाएवढा मोठा, किंचित आंबूस गोड प्रकार. लेकीच्या सासरी घीयर पाठवण्याची चाल आहे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मातीची छोटी ‘हटड़ी’ मांडतात. हटड़ी म्हणजे दुकान. पूर्वापार घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एकेक हटड़ी असे. अनेक घरांत चांदीचे नाणे कच्च्या दुधात बुडवून पूजतात, आणि सात भाज्या एकत्र करून ‘चिटी कुनी’ रांधतात. दिवाळीला दुकानाची पूजा करणारा हा समाज दुकानाला पोटापाण्याच्या साधनाहून मोठे मानतो. ज्यांचे वाडे, शेती, पेढ्या एका रात्रीत गेल्या, त्यांना पुन्हा उभे केले ते दुकानानेच. शाळा सुटल्यावर मुलगा गल्ल्यावर वडिलांशेजारी बसतो, ते शिक्षणच मानले जाते.

मीठ आणि ग्रंथसाहिब

सिंधी लग्नाला गेलात तर दोन गोष्टी मुद्दाम थांबून पाहा. एक ‘साँठ’. नवऱ्या मुलाच्या डोक्यावर तेल घालतात, तो पायाने मातीचे भांडे फोडतो आणि मग नातेवाईक त्याच्या अंगावरचे जुने कपडे टराटरा फाडतात. पहिल्यांदा पाहणारा मराठी पाहुणा दचकतोच. पण दृष्ट लागू नये आणि जुने सारे मागे पडावे, हा त्यातला भाव. दुसरी ‘दातार’. नवी सून सासरी आली की ओंजळीतले मीठ नवऱ्याच्या आणि सासरच्या एकेकाच्या ओंजळीत घालते, ते पुन्हा तिच्या ओंजळीत घालतात. मीठ सांडू द्यायचे नसते. जेवणात मीठ मिसळावे तशी ती घरात मिसळो, असा आशीर्वाद त्यात असतो. आपण माप ओलांडून सुनेला घरात घेतो, ते मीठ देऊन घेतात.

त्यांच्या देवळात, म्हणजे ‘टिकाण्या’त, गेलात तर झूलेलाल, राम-कृष्ण यांच्या सोबत गुरु ग्रंथसाहिब विराजमान दिसेल. सिंधी हिंदूंत नानकपंथाची परंपरा जुनी आहे. शाह अब्दुल लतीफ भिटाई आणि सचल सरमस्त या सूफी कवींची वचने त्यांच्या भजनांत येतात. वारकरी मनाला हे अवघड जाऊ नये. शेख महंमदांना संतांच्या मांदियाळीत मानणारे आपण, सिंधी सत्संगात परके ठरत नाही.

ऋण दोन्हीकडचे

सिंध आपल्याला कधीच परका नव्हता. 1936 पर्यंत तो मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतली एक जुनी सरकारी शाळा, 1855 साली सुरू झालेली, आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाने ओळखली जाते. वैद्य सिंधमध्ये शिक्षण खात्याचे उपनिरीक्षक होते. 1868 साली मुंबई सरकारने सिंधी हिंदू व्यापाऱ्यांमध्ये चालणारी खुदाबादी लिपी प्रमाणित करण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. सिंधी समाजात राहून त्यांच्या भाषेसाठी झटलेला हा मराठी माणूस आपल्याकडे जवळजवळ विस्मरणात गेला आहे.

आज त्या भाषेला आधाराची पुन्हा गरज आहे. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, म्हणून तो दिवस सिंधी भाषा दिन असतो. पण 52 अक्षरांची अरबी-सिंधी लिपी वाचणारे घरागणिक कमी होत आहेत आणि सिंधी माध्यमाच्या शाळा एकेक करून मिटल्या. आजी सिंधीत बोलते, आई सिंधी-हिंदीत, नात हिंदी-इंग्रजीत. मराठी शाळांच्या पटसंख्येची काळजी करणाऱ्या आपल्याला हे दुखणे वेगळे समजावून सांगायला नको.

फाळणीच्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज पंचाऐंशीच्या पुढे आहेत. शिकारपूर, लाडकाणा, सिंधमधले हैदराबाद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली, बराकीत गोणपाटाचा आडोसा करून राहिलेली ही शेवटची पिढी. त्यांच्या बहुतेक आठवणी कुठल्या दप्तरात नोंदलेल्या नाहीत, त्या शेजारच्या दाराआड आहेत. म्हणून अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या मराठी वाचकांना एवढीच विनंती : या दिवाळीत सिंधी शेजाऱ्याकडे फराळाचे ताट घेऊन जाल तेव्हा दारातूनच परत फिरू नका. आत बसा, पापड खा, हटड़ी कशी मांडतात ते पाहा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्यांचे गाव विचारा. मुलांनाही सोबत न्या, आणि जे ऐकाल ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवा.