दारावर चिकटवलेला कागद

सकाळी ६.१५. पेपर मी मागून वाचते. शेवटच्या पानांवर बारीक टायपात ‘ताबा सूचना’ असतात: कर्जदाराचं नाव, थकबाकी, फ्लॅट नंबर, चतुःसीमा. ताबा घेतल्यापासून सात दिवसांत ही सूचना दोन पेपरांत यावी आणि त्यातला एक स्थानिक भाषेतला असावा, असा नियम आहे. म्हणून ती मराठीत छापतात. (ती मराठी वाचून इंग्रजीच बरं वाटतं.) नाव मालकाचं असतं. त्या घरात कोण राहतंय, ते मला दोनेक दिवसांनी फोनवरच कळतं.

७.४०. आलाच. डोंबिवलीहून एक ताई. “मॅडम, बँकेने दारावर कागद चिकटवलाय. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून ह्यांनी काढून टाकला.” फाडला का? “नाही, गादीखाली आहे.” हुश्श. हा प्रतीकात्मक ताबा, आज कोणी सामान बाहेर काढणार नाही, असं सांगितलं. संध्याकाळी या. ॲग्रीमेंट, ती नोटीस, लाइट बिल, मालकाला पैसे दिल्याचं पासबुक, सगळं आणा.

९.०५. ठाण्याहून वाशीची गाडी. बसायला मिळालं म्हणून फाइल उघडली. कल्याणच्या चाळीतले एक काका, वय ७८. मालकाने २०१५ साली धंद्यासाठी चाळ गहाण टाकली आणि हप्ते थकले. काकांकडे १९७१ पासूनच्या भाडेपावत्या आहेत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. आधी आईच्या नावाच्या, मग त्यांच्या. डब्याचा गंज लागून खालच्या पावत्यांवर तपकिरी कडं उमटलंय. आदल्या महिन्यात बसून बनवलेल्या पावतीला असा गंज चढत नाही.

११ ते १.३०. कर्जवसुली न्यायाधिकरण, म्हणजे आमच्या तोंडी डीआरटी. बोर्डावर चौतिसावा नंबर. इथे भाडेकरूने येणं ही अलीकडची गोष्ट आहे. थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा २००२ चा. पण भाडेकरूला कलम १७ खाली इथे दाद मागता येत नाही, असं २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच म्हटलं होतं. २०१६ च्या दुरुस्तीने ४ए हे पोटकलम आलं आणि वाट मोकळी झाली. त्याच वर्षी जानेवारीत विशाल कलसारिया खटल्याचा निकाल लागला: भाडे नियंत्रण कायद्याने दिलेलं संरक्षण सरफेसीमुळे पुसलं जात नाही.

बँकेचे वकील म्हणाले, पावत्यांवर विश्वास कसा ठेवायचा? पीठासीन अधिकाऱ्यांनी डबा मागवला, दोन पावत्या उजेडाकडे धरल्या आणि एवढंच विचारलं, “गहाणखताची तारीख काय?” पुढच्या तारखेपर्यंत जैसे थे.

“म्हणजे जिंकलो?” काकांनी जिन्यात विचारलं.

“म्हणजे पुढची तारीख मिळाली.”

३.१५. बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर. दुसरं एक कुटुंब, केस कच्ची, मुलीची दहावी. बँकेला लिलावासाठी रिकामं घर हवं असतं, त्यामुळे ‘अमुक तारखेला किल्ली देतो’ असं लिहून दिलं की महिना-दोन महिने मिळतात. आज मिळाले. लेखी घेतले. कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन तहसीलदारांची माणसं पोलीस बंदोबस्तात आली की ही बोलणी होत नाहीत.

६.३०. ताई नवऱ्याला घेऊन आल्या. गादीखालच्या कागदाला घड्या पडल्या होत्या. ॲग्रीमेंट ऑनलाइन नोंदवलेलं. वेबकॅमने काढलेले तीन चेहरे, खाली अंगठे. मालक फोटोत हसतोय. मी पाठकोऱ्या कागदावर तीन तारखा लिहिल्या: गहाण २०१९. मालकाला बँकेची कलम १३(२) ची, थकबाकी भरा अशी नोटीस, यंदा जानेवारी. ॲग्रीमेंट, यंदा मार्च.

“पण रजिस्टर्ड आहे ना?”

आहे. वर नाव काय लिहिलंय? लीव्ह अँड लायसन्स. बोलताना आपण भाडेकरू, कायद्याच्या लेखी लायसन्सी. राहायची नुसती परवानगी, आणि ती देणाराही आधीच गहाणात अडकलेला. शिवाय १३(२) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीवाचून मालकाला घर कोणाला देताच येत नव्हतं. करार संपलाय का, गहाणाच्या अटींविरुद्ध आहे का, नोटिशीनंतरचा आहे का, हे न्यायाधिकरण पाहतं. शेवटच्या प्रश्नालाच ह्यांचं अडतं.

ताई इतका वेळ गप्प होत्या. “आणि डिपॉझिट?”

हेवी डिपॉझिट. महिन्याचं भाडं नाही, पाच लाख एकरकमी. त्यातले दोन लाख सासऱ्यांच्या पीएफचे. ते पैसे मालकाने घेतले, बँक ते देणार नाही. मालकावर दिवाणी दावा करता येतो. नोटीस लपवून पैसे घेतले म्हणून फसवणुकीची तक्रारही देता येते. त्याचा फोन तीन दिवस बंद आहे.

अशा केसमध्येही अर्ज ठोकून वेळ काढणारे वकील आहेत. मला ते पटत नाही. जे दोन महिने मिळतात त्यांचं भाडं फीमध्येच जातं. बँकेला मुदतीचं पत्र आणि पोलिसांकडची तक्रार, दोन्ही लिहून दिली. फी घेतली नाही.

९.४५. जेवण झालं. आता तुमच्यासाठी. घर भाड्याने घेताना मालकाला कर्ज आहे का, हे विचारायला लाजू नका. कर्ज असणं वाईट नाही. हप्ते भरल्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागा. सेरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदणीच्या संकेतस्थळावर दहा रुपयांत मालमत्तेवरचा बोजा शोधता येतो. आणि दारावर कागद दिसलाच तर काढू नका. तारीख वाचता येईल असा फोटो घ्या. त्या ताब्यापासून डीआरटीत जायला ४५ दिवस असतात.